ईमेलची फुकटची हमाली कशी बंद झाली?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय वरवर कॉम्प्युटरचा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच खिशापाशी येऊन थांबतो.

हल्ली कुठेही चार माणसं जमली की एक विषय निघतोच. कुणाला ‘आज रात्री वीज तुटेल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आलेला असतो, कुणाला बँकेच्या नावाने लिंक आलेली असते. दोन-चार किस्से झाले की ठरलेलं वाक्य येतं, ‘सरकार हे बंद का करत नाही?’

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारत नाही. ही लबाड मंडळी मेसेज पाठवतात, फोन करतात, पैसे फिरवतात, ते नेमकं कुणाच्या नावावर? स्वतःचं सिम आणि स्वतःचं खातं तर ती वापरत नाहीत. वापरतात दुसऱ्याचं. म्हणजे कुणीतरी आपलं दार उघडं ठेवलेलं असतं आणि त्यातून यांची ये-जा चालते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ईमेलच्या जगात अगदी हाच प्रश्न उभा राहिला होता. तिथे तो बऱ्यापैकी सुटला. त्यात कोर्ट-कचेऱ्यांचा आणि पोलिसांचा वाटा फार थोडा होता. सर्व्हर सांभाळणाऱ्या साध्या नोकरदार माणसांनी आपापल्या यंत्रावर एक नियम लिहिला, आणि असं हजारो ठिकाणी झालं. हा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज तो मांडतो.

आधी पत्र कसं जातं ते बघू

तुम्ही ईमेल लिहून ‘पाठवा’ दाबलं की ती थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. तुमच्या बाजूचा एक संगणक ती घेतो आणि समोरच्याच्या बाजूच्या संगणकाला नेऊन देतो. या संगणकांना म्हणायचं मेल सर्व्हर. आपल्या भाषेत टपाल कचेरी.

या दोन कचेऱ्यांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहून काढले. त्याला एसएमटीपी म्हणतात. पुढे त्यात भर पडत गेली, पण मूळ बोलणं आजही तेच आहे. पहिला सर्व्हर नमस्कार घालतो. मग सांगतो, ‘हे पत्र अमक्याकडून आहे.’ मग सांगतो, ‘हे तमक्याला द्यायचंय.’ समोरचा प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणतो, आणि मग मजकूर ओतला जातो.

या बोलण्यात एक प्रश्न नव्हताच. ‘तू खरंच अमका आहेस का?’ हे विचारायची सोयच ठेवलेली नव्हती. आणि ‘तमका’ जर त्या सर्व्हरकडचा नसेल, दुसऱ्याच गावचा असेल, तरी सर्व्हर पत्र ठेवून घ्यायचा आणि पुढे पोचवायचा. या पुढे पोचवण्याला म्हणतात रिले. कुणाचंही पत्र कुणालाही पोचवणारा सर्व्हर तो ओपन रिले, म्हणजे मोकळा रिले.

आमच्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना हे लगेच कळेल. फॅक्स आणि ईमेल यायच्या आधी तालुक्याचा वार्ताहर बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. वर पेपरचं नाव आणि खाली ‘सोलापूर’, बस्स. तिकडे स्टँडवर पेपरचा माणूस येऊन पाकीट उचलायचा. कंडक्टर ना पाकीट उघडून बघायचा, ना तुमचं ओळखपत्र मागायचा. गाडी जातेच आहे, एक पाकीट नेलं तर काय बिघडलं, असा सरळ हिशेब होता. निदान माझ्या ऐकण्यात त्यावर कुणी कधी तक्रार केलेली नाही.

ईमेलच्या सुरुवातीच्या काळात मोकळा रिले असाच होता. दोष म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो शेजारधर्म होता.

मुंबईतही हेच चालायचं

आपल्या देशातली गोष्ट घ्या. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात तेव्हाच्या पाच आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होती. या संस्थेचे प्रमुख होते डॉ. एस. रमणी. जुहूची ही संस्था पुढे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली.

तेव्हा संगणक चोवीस तास एकमेकांना जोडलेले नसायचे. एका संगणकाने ठरलेल्या वेळी दुसऱ्याला फोन लावायचा, आपल्याकडची पत्रं द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. देशातल्या या संस्थांची परदेशी जाणारी पत्रं एनसीएसटीच्या संगणकावरून पुढे जायची. म्हणजे पत्र लिहिणारा दुसऱ्या संस्थेतला, घेणारा अमेरिकेतला किंवा युरोपातला, आणि मध्ये हमाली करणारी मुंबई. ‘तू आमचा नाहीस, तुझं पत्र नेणार नाही’ असं मुंबईने म्हटलं असतं, तर देशातल्या संशोधकांचं टपालच अडलं असतं.

त्यामुळे ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. माणसं मोजकी होती, एकमेकांना ओळखत होती, आणि दुसऱ्याचं पत्र पुढे नेणं ही त्या काळची गरज होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. ओळखीपाळखीचं गाव बघता बघता शहर झालं. दारं मात्र गावातल्यासारखीच उघडी राहिली.

मग लबाडांनी दार हेरलं

नको असलेल्या पत्रांचा त्रास इंटरनेटपेक्षा जुना आहे. याच जॉन पोस्टेलने १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये एक छोटं टिपण लिहून ठेवलं होतं, की नको असलेली पत्रं नाकारण्याची सोय संगणकाकडे नाही, आणि ती असायला हवी. मे १९७८ मध्ये डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने जवळपास ४०० लोकांना एकाच वेळी जाहिरातीचं पत्र धाडलं. अनोळखी लोकांना घाऊक जाहिरात धाडण्याचा तो पहिला प्रकार मानला जातो. लोक चिडले, त्याला समज मिळाली, विषय तिथेच मिटला.

एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने हजारो चर्चागटांवर ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात टाकली. लोकांनी शिव्या घातल्या, पण या वेळी ते मागे हटले नाहीत. हा धंदा होऊ शकतो, हे बाकीच्यांनीही बघितलं. त्यानंतर ईमेलच्या घाऊक जाहिराती सुरू झाल्या आणि मोकळे रिले त्यांच्या कामी आले.

कसे, ते साध्या गणितात सांगतो. समजा जाहिरातीचं पत्र ५ केबीचं आहे आणि ते एक लाख लोकांना धाडायचंय. त्या काळच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३ केबी जायचे. प्रत्येकाला वेगळं पत्र धाडायचं तर ५ लाख केबी, म्हणजे जवळजवळ दोन दिवस फोन अडकून बसणार. पण एसएमटीपीत एक सोय आहे. मजकूर एकदाच द्या आणि त्याच्यासोबत शंभर पत्ते द्या, पुढचं वाटप सर्व्हर करतो. मग लबाडाला पाठवायची फक्त एक हजार पत्रं आणि पत्त्यांच्या याद्या. तासाभरात काम संपलं. उरलेली सगळी ओझी वाहणार तो बिचारा सर्व्हर, कुठल्यातरी कॉलेजचा नाहीतर कंपनीचा, ज्याच्या मालकाला यातलं काही ठाऊकच नाही.

वर आणखी गंमत. यादीतले हजारो पत्ते चुकीचे असायचे. ती पत्रं परत यायची आणि सर्व्हरच्या दारात साठायची. ऑफिसची खरी पत्रं त्या ढिगाखाली अडकून तासन् तास उशिरा जायची. आणि ज्यांना जाहिरात मिळाली ते वैतागून तक्रार कुणाकडे करणार? ज्याच्या सर्व्हरवरून पत्र आलं त्याच्याकडे! खरा पाठवणारा नामानिराळा.

आपल्याकडे पालखीच्या वाटेवर पाणपोया लागतात. कोण आलं, कुठून आलं, कुणी विचारत नाही, तहानलेल्याला पाणी द्यायचं. उद्या त्या पाणपोईला कुणी पाइप लावून टँकर भरायला लागला आणि ते पाणी पुढच्या गावात विकायला लागला, तर? पाणपोई लावणाऱ्याने पुण्य करायला घेतलं होतं, आणि त्याच्या पैशावर दुसऱ्याचा धंदा चालू झाला. मोकळ्या रिलेचं नेमकं हेच झालं.

मे १९९८

त्या काळी जगातले बहुसंख्य मेल सर्व्हर ‘सेंडमेल’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन या माणसाने ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. फुकट होतं, म्हणून सगळीकडे पोचलं. नवा सर्व्हर उभा करायचा म्हणजे सेंडमेल टाकायचं, आणि टाकलं की रिले आपोआप मोकळा. बंद करायचा असेल तर तुम्हाला मुद्दाम शिकून, किचकट फाइलीत बदल करून तो बंद करावा लागे. शंभरातले किती जण करतील?

मे १९९८ मध्ये सेंडमेलची ८.९ ही आवृत्ती आली आणि तिने हे उलटं केलं. नवीन टाकलं की रिले बंद. मोकळा हवा असेल तर तुम्ही स्वतः तसं लिहून द्यायचं. आणि त्या पर्यायाला नावही असं दिलं की लिहितानाच माणसाला अवघडल्यासारखं व्हावं, ‘प्रॉमिस्क्युअस रिले’. म्हणजे कुणाशीही संबंध ठेवणारा. याच सुमारास आलेली क्यूमेल आणि पोस्टफिक्स ही सॉफ्टवेअरंही पहिल्यापासून दार बंद ठेवूनच यायची.

हा महिना आपल्याला दुसऱ्या कारणाने आठवतो. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर जूनच्या सुरुवातीला ‘मिलवर्म’ नावाच्या टोळक्याने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे बीएआरसीच्या संगणकांत शिरकाव केला, काही ईमेल पळवल्या आणि वेबसाइटवर अणुचाचण्यांविरोधी मजकूर लावला. टोळक्यातली बरीच पोरं विशीच्या आतली होती. शिरकाव सेंडमेलमधल्या एका नेहमीच्या त्रुटीतून झाला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. हे रिलेचं प्रकरण नव्हतं, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका. पण मेल सर्व्हर हा संस्थेचा रस्त्याकडे उघडणारा दरवाजा असतो आणि तो कसा ठेवलाय हे बघायला कुणीतरी लागतं, हे त्यावरून मुंबई-दिल्लीतल्या साहेब लोकांनाही समजलं असेल.

नियम काय होता?

नियम दोन प्रश्नांचा आहे. पाठवणारा आपला आहे का? घेणारा आपला आहे का? दोनपैकी एकाचं तरी उत्तर ‘हो’ पाहिजे. दोन्ही ‘नाही’ आली तर सर्व्हर ५५० हा आकडा सांगतो आणि पुढे दोन शब्द, ‘रिलेइंग डिनाइड’. पत्र घेणार नाही, विषय संपला.

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली. तेव्हापासून साखर कारखान्याचं गेट हा आपल्या श्रीपूरच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. तिथला वॉचमन दुसरं काय करतो? आपला माल बाहेर जात असेल तर सोडतो, आपल्यासाठी माल येत असेल तर आत घेतो. तिसऱ्याचा माल चौथ्याकडे न्यायला आपलं यार्ड वापरू देत नाही.

आता यात खरी मेख आहे ती ‘आपला’ कोण हे कसं ठरवायचं. काही जणांनी सोपी वाट काढली. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आपल्या संस्थेचं असेल तर सोडा. हा तर चोराला किल्ली देण्याचा प्रकार! नाव काय, कुणीही काहीही लिहू शकतो. शहाण्या लोकांनी नावाऐवजी जागा बघितली. आपल्या ऑफिसातल्या संगणकांचे जे आयपी पत्ते आहेत तेवढ्यांची यादी करायची, तिथून आलेलंच पत्र बाहेर सोडायचं. सेंडमेलमध्ये, पोस्टफिक्समध्ये या याद्या वेगवेगळ्या नावाच्या फाइलींत असतात, पण अर्थ एकच.

लबाड त्यावरही युक्ती शोधायचे. पत्त्याच्या पोटात दुसरा पत्ता घालायचे. टक्क्याचं चिन्ह टाकून असा पत्ता लिहायचा, की वरून तो आपल्याच संस्थेचा दिसावा आणि आत दुसऱ्याच गावचा निघावा. सर्व्हरने फक्त शेवटचा भाग बघितला की तो फसला. म्हणून नियम लिहून झाला की बाहेरच्या संगणकावरून आपणच आपल्या दारावर टकटक करून बघायची, ही चांगल्या अ‍ॅडमिनची सवय झाली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये स्वीडनमधल्या चामर्स विद्यापीठाच्या गुन्नार लिंडबर्ग यांनी या सगळ्या शिफारशी एका दस्तऐवजात मांडल्या. त्यातली पहिलीच शिफारस ही की, परवानगी नसलेला रिले रोखता आलाच पाहिजे.

चांगल्या माणसांची अडचण

दार बंद केलं की घरच्यांचीही थोडी अडचण होतेच. ऑफिसातला माणूस पुण्याला गेला, लॉजवरून किंवा कॅफेतून आपल्याच ऑफिसच्या सर्व्हरवरून ईमेल धाडायला बसला, तर सर्व्हरच्या दृष्टीने तो परका! आमच्या एका सहकाऱ्याचं असंच व्हायचं. लॅपटॉप घेऊन बाहेरगावी गेला, इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं जोडलं, की बातमी जाईना. स्क्रीनवर तेच, ‘५५० रिलेइंग डिनाइड’. तो सर्व्हरला शिव्या घालायचा आणि मला फोनवर बातमी सांगायचा, मी इकडे टाइप करायचो. सर्व्हर आपलं काम चोख करतोय हे त्या घाईत कुणाला सांगणार?

यावरही उपाय निघाला. डिसेंबर १९९८ आणि मार्च १९९९ मध्ये दोन नवे नियम आले. एकाने घरच्या लोकांसाठी वेगळं दार दिलं, ५८७ क्रमांकाचं. दुसऱ्याने त्या दारावर नाव आणि पासवर्ड विचारायची सोय दिली. आता माणूस कुठेही असो, पासवर्ड दिला की तो आपला. आज तुमच्या फोनमधलं ईमेल अ‍ॅप पाठवताना पासवर्ड वापरतं त्याचं मूळ या काळातलं आहे.

वाळीत टाकण्याची गोष्ट

पण ज्यांनी दार बंद केलंच नाही त्यांचं काय? इथे इतिहास जरा कडू होतो.

१९९७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक काळी यादी सुरू केली. ज्या सर्व्हरवरून कचरा येतो त्यांचे पत्ते तिच्यात. जगातल्या कुठल्याही सर्व्हरने पत्र घेण्याआधी ही यादी बघायची, नाव असेल तर दार लावायचं. त्यांच्या संस्थेचं नाव ‘मॅप्स’. इंग्रजीत उलटं वाचलं की ‘स्पॅम’. न्यूझीलंडहून चालणारी ‘ऑर्ब्स’ नावाची यादी तर स्वतःच लोकांच्या सर्व्हरवर जाऊन दार उघडं आहे का ते ढकलून बघायची. हा आगाऊपणा अनेकांना रुचला नाही. कोर्टात भांडणं झाली आणि २००१ मध्ये ऑर्ब्स बंद पडली.

आपल्या भाषेत हे सरळ वाळीत टाकणं होतं. वाळीत टाकणं काय असतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याच राज्याने केलाय. बहिष्काराचा वाईट गुण हा की त्यात निरपराध भरडले जातात. सर्व्हर एका कंपनीचा, पण त्यावरून पत्रं धाडणारे हजारो ग्राहक. यादीत नाव गेलं की सगळ्यांची पत्रं अडणार. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाची ऑर्डर.

विरोध करणाऱ्यांत एक मोठं नाव होतं, जॉन गिलमोर. इंटरनेटवरच्या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ईएफएफ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आपला रिले तत्त्व म्हणून मोकळा ठेवला. माझ्या यंत्रावरून कुणी प्रवासी मित्र पत्र धाडत असेल तर ते ठरवणारे तुम्ही कोण, असं त्यांचं म्हणणं. २००१ मध्ये त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्यांच्या सर्व्हरची बाहेर जाणारी पत्रं रोखली.

मला गिलमोर यांचं म्हणणं पूर्ण फेटाळता येत नाही. मोकळेपणा ही मोठी गोष्ट आहे. पण माझ्या मोकळेपणाची किंमत जेव्हा तिसराच मोजतो, तेव्हा तो माझा एकट्याचा विषय राहत नाही. विहीर माझी असली तरी तिच्यात कुणी विष कालवत असेल तर गावाला बोलायचा हक्क आहे. फरक एवढाच पाळायला हवा, की आधी निरोप द्यावा, मुदत द्यावी, सुधारला की नाव लगेच काढावं. ज्या याद्यांनी हे पाळलं त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला.

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इतर देशांतल्या संस्थांना सोबत घेऊन जगभरातल्या हजारो सर्व्हर-मालकांना पत्रं धाडली, ‘तुमचं दार उघडं दिसतंय, बंद करा’ म्हणून. पण तोवर बरंचसं काम अ‍ॅडमिन लोकांनीच उरकलेलं होतं.

मग स्पॅम संपलं का?

नाही. खोटं कशाला सांगू. मोकळे रिले कमी झाले तसे लबाड घराघरातल्या कॉम्प्युटरकडे वळले. व्हायरस टाकून लोकांचे पीसी ताब्यात घ्यायचे आणि त्यांच्याकडून हमाली करून घ्यायची. मग पुढचे उपाय आले. अमुक संस्थेच्या नावाने पत्र धाडायचा अधिकार कुठल्या सर्व्हरला आहे याची जाहीर नोंद, म्हणजे एसपीएफ. पत्रावर संगणकीय सही, म्हणजे डीकेआयएम. आणि खोटं पत्र आलं तर काय करायचं याची सूचना, म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक ईमेल धाडणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. मोकळ्या रिलेचं दार मात्र जवळपास कायमचं बंद झालं. आज मोकळा रिले सापडला तर ती मालकाची नामुष्की मानली जाते.

आणि कायदा काय करत होता?

आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून ६६ अ हे कलम होतं. त्यात एक ओळ खास ईमेलसाठी होती. त्रास देण्यासाठी ईमेल धाडणं किंवा पत्र कुठून आलं याबद्दल घेणाऱ्याला फसवणं हा गुन्हा. ऐकायला किती छान! पण त्याच कलमाचे बाकीचे शब्द इतके सैल होते की नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी आणि लाइकसाठी अटक झाली. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला हे कलमच रद्द केलं. योग्यच केलं. आता हिशेब मांडा. एका बाजूला कलम, जे स्पॅमवाल्यांपेक्षा आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांवर जास्त चाललं. दुसऱ्या बाजूला एका सॉफ्टवेअरने बदललेली एक मूळ सेटिंग, जिने कुणालाही अटक न करता जगभरची दारं लावली.

दार उघडं राहिल्यावर काय होतं याचं आपल्या राज्यातलं उदाहरण तर भयंकर आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेली. पोलीस माग काढत पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा त्या ईमेलशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय असुरक्षित होतं आणि अतिरेक्यांनी ते वापरलं. पण झडती त्याच्या घराची झाली, चौकशी त्याची झाली. तपास पहिल्यांदा येतो तो दारापाशी, आणि दारावर नाव मालकाचं असतं.

आता आपल्या खिशाकडे वळू

‘खातं फक्त वापरायला दे, कमिशन मिळेल’ असं म्हणणारे लोक कॉलेजच्या पोरांना गाठतात. ‘तुझ्या नावावर एक सिम काढून दे’ म्हणतात. पोराला वाटतं, आपण कुठे चोरी करतोय, नुसतं खातं तर दिलंय. मित्रांनो, हाच तो मोकळा रिले. पैसा पाठवणारा आपला नाही, घेणारा आपला नाही, मध्ये हमाली आपल्या खात्याची. पोलीस येणार ते खात्यावरच्या नावाकडे. खातं गोठणार, आणि त्याच खात्यात बापाचे उसाचे पैसे येत असतील तर तेही अडकणार.

म्हणून सेंडमेलचे दोन प्रश्न घरातल्या पोरांना पाठ करून द्या. देणारा आपला आहे का? घेणारा आपला आहे का? दोन्ही नाही, तर व्यवहार नाही. मग तो मित्र असो, पाहुणा असो की गल्लीतला दादा.

आपल्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

आणि आता संस्थांना. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ या खास पत्त्यावर यायला सांगितलं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. सहकारी बँकाही त्यात आल्या. त्यामागे विचार हाच की दारावरची पाटी खरी असावी. पण पतसंस्था, शाळा, दूध संस्था, आपली महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत यांचं काय? ज्यांचा स्वतःचा डोमेन आहे त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या नावाने पत्र धाडायचा अधिकार कुणाला आहे याची नोंद केलीय का? आपल्या पत्रावर संगणकीय सही होते का? आणि आपल्या नावाने खोटं पत्र गेलं तर ते नाकारा, असं जगाला सांगितलंय का? डोमेनच्या नोंदवहीत दोन-चार ओळी लिहायच्या असतात, त्या ओळी लिहायला वेगळे पैसे पडत नाहीत. सभासद आणि पालक म्हणून हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. वार्षिक सभेत ताळेबंदावर बोलतो, तसं यावरही बोला.

१९९८ नंतर ज्या अ‍ॅडमिन लोकांनी रात्री बसून त्या फाइली दुरुस्त केल्या, त्यांची नावं कुठे छापून आली नाहीत. त्यांनी ‘सरकार का करत नाही’ म्हणत वाट बघितली असती, तर ईमेल नावाची गोष्ट तेव्हाच कचऱ्याखाली गाडली गेली असती.

तुमच्या ओळखीत कुणाला खातं किंवा सिम ‘वापरायला द्या’ म्हणून विचारणा झाली असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव-गाव लिहू नका, फक्त प्रकार कसा होता ते सांगा, बाकीचे सावध होतील. आणि घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर एवढी पोस्ट त्याला वाचायला लावा.